बोटभर माणसें

छंद म्हटला कीं त्याचा कांहींतरी उपयोग सांगतां आला पाहिजे, अशी पांढरपेशा घरांतील जुनी रीत आहे. बागेचा छंद असेल तर घरची भाजी मिळते, वाचनाचा असेल तर बहुश्रुतपणा येतो, सकाळीं फिरावयास जाण्याचा असेल तर निदान भूक तरी लागते. आम्हांस मात्र गेल्या साठ वर्षांहून अधिक काळ असा एक छंद जडला आहे, कीं त्याचा उपयोग कोणी विचारला असतां आम्ही निरुत्तर होतों. आम्ही मातीचीं लहान लहान माणसें रंगवितों. दिवाळींत मुलें किल्ला करितात, त्या किल्ल्यावर मांडावयाचे मावळे, पहारेकरी, घोडेस्वार, गवळणी, वाणी, शेतकरी आणि सर्वांत वर सिंहासनावर बसलेले महाराज, अशी आमची प्रजा आहे. तिची उंची चार बोटें; आणि तिचें आयुष्य मुलांचे हात, मांजराची शेपटी व अवकाळी पाऊस या तिहींवर अवलंबून.

ज्या वाचकांचें बालपण महाराष्ट्राबाहेर गेलें असेल त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. दिवाळीची सुटी लागली कीं आमच्याकडे मुलें दगड, विटा, फुटक्या कुंड्या व जुनीं पोतीं गोळा करितात. त्यांवर चिखल लिंपून डोंगर उभा करितात. वर तटबंदी, बुरूज व दरवाजा, आणि खालीं विहीर, शेत व बाजारपेठ मांडतात. अळीव किंवा मोहरी पेरली म्हणजे चार-पांच दिवसांत डोंगर हिरवा होतो. आम्हां पनवेलकरांना नमुन्यासाठीं पुस्तक उघडण्याचें कारण पडत नसे. गांवाबाहेर पडून दक्षिणेकडे पाहिलें कीं कर्नाळ्याचा सुळका आंगठ्यासारखा उभा दिसे. पुरंदरच्या १६६५ च्या तहांत मोंगलांस द्यावा लागलेला आणि १६७० सालीं महाराजांनीं परत घेतलेला हा किल्ला. आमच्या आळींतील मुलें बहुधा हाच किल्ला करीत. इतिहासाच्या अभिमानानें म्हणाल तर तें अर्धेंच खरें. एक उंच दगड उभा केला कीं निम्मा कर्नाळा तयार होतो, हें दुसरें कारण. २०२५ च्या जुलै महिन्यांत युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें, तेव्हां आमच्या नातवानें ती यादी आम्हांस मोठ्यानें वाचून दाखविली. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरीपासून थेट तामिळनाडूंतील जिंजीपर्यंत नांवें आलीं. कर्नाळ्याचें आलें नाहीं. आजोबा आणि नातू दोघेहि थोडे हिरमुसलों.

आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असूं, सरकारी कचेरींत कारकून होते. त्या काळीं पनवेल हें कुलाबा जिल्ह्यांतील भाताच्या गिरण्यांचें एक शांत गांव होतें. जिल्ह्याचें नांव रायगड झालें तें पुढें १९८१ सालीं. किल्ल्यावरच्या मातीच्या माणसांना आमच्याकडे ‘चित्रें’ म्हणतात. रंगविलेलीं चित्रें महाग पडत, म्हणून अण्णा कुंभाराकडून भाजलेलीं पण कोरीं चित्रें आणीत, आणि तीं रंगविण्याचें काम आम्हां दोघां भावांवर सोंपवीत. आमचे थोरले बंधू, दादा, आमच्याहून सहा वर्षांनीं मोठे. छंदाचा आरंभ असा काटकसरींतून झाला.

कामाची पद्धत ठरलेली होती. आधीं खडी पाण्यांत कालवून, तींत डिंक घालून, सर्वांगाला पांढरा हात द्यावयाचा. तो न दिल्यास भाजलेली माती वरचा रंग पिऊन टाकते. मग आंतून बाहेर यावयाचें : प्रथम अंगाचा रंग, मग अंगरखा, मग शेला, मग ढाल-तलवार, आणि सर्वांत शेवटीं मिशा व डोळे. रंग बहुतेक घरगुती. तांबडा गेरूचा, पिवळा पिवडीचा, काळा काजळाचा, निळा धुण्याच्या निळीचा. कुंचल्याचें टोंक बारीक करण्यासाठीं तें ओठांत धरण्याची खोड आम्हांस लागली होती, तीबद्दल आईचा मार बसे. आईचें म्हणणें स्वच्छतेपुरतें होतें. परंतु जुन्या चित्रकारांच्या हिंगुळांत पारा असतो व हरताळांत सोमल असतो, हें पुढें वाचनांत आलें तेव्हां तो मार आम्हांस फारच स्वस्त वाटला.

अंगरखा कोणालाहि रंगवितां येतो. डोळे येत नाहींत. पेणच्या गणपतींचा लौकिक वाचकांस ठाऊकच आहे. पेण आणि त्याच्या जवळचीं हमरापूर, जोहे हीं गांवें मूर्तींच्या कारखान्यांनीं गजबजलेलीं असतात. तेथें घरांतील लहान-थोर सर्व माणसें मूर्तीला रंगाचे हात देतात. परंतु डोळ्यांच्या आखणीची वेळ आली कीं कुंचला जाणत्या कारागिराच्या हातीं जातो. अण्णांनीं एकदां आम्हां दोघांस असल्या एका कारखान्यांत नेलें होतें. आम्ही मूषकांच्या रांगा मोजीत हिंडत होतों. दादा मात्र आखणी करणाऱ्या म्हाताऱ्याच्या पाठीशीं तासभर उभे राहिले. परत येतांना मोटारींत ते एवढेंच म्हणाले, “रेघ ओढतांना ते श्वास घेत नाहींत.”

त्या दिवाळीपासून आमच्या किल्ल्यावरचे मावळे पाहूं लागले. हें आम्ही विनोदानें म्हणत नाहीं. बाजारांतील मावळा नेहमी दचकलेला दिसतो, याचें कारण त्याचें बुबुळ पांढऱ्या डोळ्याच्या बरोबर मध्यें टेकविलेलें असतें व सभोंवार पांढरें दिसतें. शांतपणें पाहणाऱ्या माणसाचें बुबुळ वरच्या पापणीला थोडें झांकलेलें असतें. दादांनीं हें कोठें वाचलें नव्हतें. ते आरशांत स्वतःकडे, ओसरीवर बसलेल्या अण्णांकडे आणि झोपेंतून उठलेल्या आमच्याकडे टक लावून पाहत, आणि मग काजळांत बुडविलेल्या कुंचल्याच्या एका केंसानें तें बुबुळ पापणीला टेकवीत. दादांचा पहारेकरी पहारा करी, वाणी गिऱ्हाइकाकडे पाही, आणि महाराज सर्वांकडे पाहत. आळींतील मुलें आपलीं चित्रें घेऊन डोळ्यांसाठीं आमच्या ओटीवर येत, आणि दादांचे धाकटे बंधू या नात्यानें त्यांची रांग लावण्याचा मान आम्हांस मिळे.

१९६३ च्या जून महिन्यांत दादा त्या वेळच्या अकरावींत, म्हणजे एस. एस. सी. च्या वर्गांत गेले. अण्णांनीं रंगाच्या पुड्या, वाट्या व कुंचले एका फडक्यांत बांधले आणि तें गांठोडें माळ्यावर ठेविलें. ते रागावले नाहींत. “वर्षभराचाच प्रश्न आहे,” एवढेंच त्यांनीं म्हटलें, आणि दादांनीं मान हालविली. त्या घरांत तेवढें पुरे होतें. आज आम्ही अण्णांच्या त्या वयाच्या पुष्कळ पुढें आलों आहों, आणि त्यांना दोष देण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. एका कारकुनाच्या पगारावर सात माणसें जेवत होतीं. थोरला मुलगा मार्गाला लागणें हा तेथें आवडी-निवडीचा प्रश्न नव्हता. दादा पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाले. पुढच्या दिवाळीपूर्वीं आम्हीं माळ्यावर चढून गांठोडें खालीं आणलें, तेव्हां कोंकणच्या पावसाळ्यानें आपलें काम केलें होतें. डिंकाचा दगड झाला होता व पुड्यांना बुरशी आली होती. आम्हीं नवे रंग आणले. दादा तोंवर महाविद्यालयांत गेले होते. त्यांनीं दुरून पाहिलें, हंसले, आणि आंत निघून गेले.

पुढें ते अभियंता झाले, एका रासायनिक कारखान्यांत तीस-बत्तीस वर्षें मानानें काम करून निवृत्त झाले. निवृत्तीनंतरच्या पहिल्या दिवाळींत आम्हीं त्यांच्यासमोर एक कोरा मावळा व एक उत्तम कुंचला ठेविला आणि म्हटलें, “दादा, आतां तरी घे.” त्यांनीं मावळा हातांत घेतला, उजेडांत फिरवून पाहिला, कुंचला रंगांत बुडविलाहि. मग तो पुसून खालीं ठेविला व म्हणाले, “हात विसरला रे.” त्यानंतर आम्हीं तो विषय काढला नाहीं.

आमचें काम मात्र चालू राहिलें. हात दादांचा नव्हता. पण साठ वर्षांत मध्यम प्रतीच्या हातालाहि कांहीं वळण लागतेंच. जुनें कौलारू घर पाडून त्या जागीं इमारत उभी राहिली, अंगण गेलें. दोन्ही भावांचीं बिऱ्हाडें एकाच मजल्यावर समोरासमोर आलीं, किल्ला गच्चींत गेला, आणि घरांतील तांब्यापितळेची वांटणी झाली तेव्हां चित्रांचा बिस्किटांचा जुना डबा कोणींहि मागितला नाहीं म्हणून तो आमच्याकडे राहिला.

आतां नातवाकडे वळूं. परदेशीं असलेल्या आमच्या एका पुतण्यानें दोन वर्षांपूर्वीं त्याला एक पेटी पाठविली. पेटींत करड्या प्लास्टिकचे सांगाडे होते; त्यांतून हात, पाय, मस्तकें, परशु अशीं अंगें कापून, चिकटवून, इंच-सव्वा इंच उंचीचीं माणसें तयार करावयाचीं व मग रंगवावयाचीं. माणसें हा शब्द आम्हीं सौजन्यानें वापरिला. त्यांत एक पंख असलेला सर्प होता, एक हाडांचा सांपळा तलवार घेऊन उभा होता, आणि बाकीचे सुळे बाहेर आलेले राक्षस होते, ज्यांना हिरवी कातडी द्यावयाची असा पेटीवरच्या चित्राचा हुकूम होता. पेटीची किंमत ऐकून सूनबाईंनीं कपाळाला हात लाविला. आमच्या घरच्या मंडळींनीं देव्हाऱ्याच्या खोलींत हे प्राणी येतां कामा नयेत, असें बजाविलें.

आम्हींहि प्रथम नाक मुरडलें हें कबूल केलें पाहिजे. पण चौकशी केली तेव्हां या राक्षसांचें घराणें आम्हांस वाटलें होतें तितकें हलकें नाहीं, असें आढळलें. इंग्लंडांत विल्यम ब्रिटन यानें १८९३ सालीं आंतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतण्याची युक्ति काढली, तेव्हांपासून तेथल्या घरोघरीं अशीं सैन्यें उभीं राहूं लागलीं. प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं ‘लिटल वॉर्स’ नांवाचें पुस्तक लिहून अशा शिपायांच्या लढायांचे नियमच बांधून दिले. पुढें टॉल्किन या प्राध्यापकांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही प्रचंड कादंबरी १९५४-५५ मध्यें प्रसिद्ध झाली, आणि वाचकांच्या डोक्यांत खुजे, यक्षांसारखे दीर्घायुषी आणि दुष्ट राक्षस यांच्या फौजा शिरल्या. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं १९७४ सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला, आणि शिपायांच्या जागीं हे प्राणी मेजावर आले. आज जगभर हजारों शहाणीं, मिळवतीं माणसें रात्रीं दिवा लावून ते रंगवीत बसतात.

आणि परकें तरी त्यांत काय आहे? सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांना आमचें म्हणणें पटेल. एकशें वीस वाटोळीं पानें, प्रत्येकावर हातानें काढलेलें चित्र. अर्धा मासा अर्धा देव, वराहाचें मुख, सिंहाचें मस्तक. आपल्याकडील अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला असतो. असा प्राणी कोणीं कधीं जंगलांत पाहिला आहे? तात्पर्य, नातवाचे राक्षस आणि आमचे मावळे एकमेकांचे सोयरे निघाले.

याच सुमारास आमच्या उजव्या हाताला कंप सुटला. प्रथम चहाची बशी वाजूं लागली; मग सही वाकडी येऊं लागली. डॉक्टरांनीं तपासून धीर दिला. पार्किन्सनच्या विकारांत हात बहुधा स्वस्थ ठेविला असतां कांपतो, तुमचा काम करितांना कांपतो, तेव्हां हा प्रकार निराळा व तितका भयंकर नव्हे, असें ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीनें तो दिलासा होता. आमच्या दृष्टीनें स्वस्थ असतांना स्थिर व कुंचला धरतांच कांपणारा हात म्हणजे, ज्या कामासाठीं हवा तेवढ्याच कामासाठीं निकामी झालेला हात. आम्हीं घरांत कोणाला सांगितलें नाहीं. “यंदां बाजारांतून आणूं रंगविलेलीं चित्रें,” असें गणपति झाल्यावर सहज म्हणून पाहिलें. कोणीं हरकत घेतली नाहीं, याचें आम्हांस वाईट वाटलें.

त्याच आठवड्यांत चिरंजीव आमच्याकडे आले. नातू दहावींत. सहामाहीपूर्वींच्या चांचणींत गणितांत त्याचे गुण घसरले होते, आणि रात्रीं अकरा वाजतां त्याच्या खोलींत दिवा दिसे तो गणितासाठीं नव्हे हें सूनबाईंच्या ध्यानांत आलें होतें. “बाबा, तो तुमचें ऐकतो. तुम्हीच समजावून सांगा,” असें चिरंजीव म्हणाले. त्यांत गैर कांहींच नव्हतें. आम्ही समजावण्यास म्हणून रात्रीं नातवाच्या खोलींत गेलों.

तो मेजावर दोन्ही कोपर टेकून बसला होता. औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झांकणावर त्यानें आपला राक्षस चिकटविला होता, आणि ती बाटली डाव्या हातांत धरली होती. म्हणजे रंगाला बोट लागावयास नको. दोन्ही मनगटें त्यानें एकमेकांना टेकविलीं होतीं, म्हणजे हात हालला तर दोन्ही मिळून हालतील. तो डोळा काढीत होता. आम्ही दारांत उभे राहिलों, आणि आमच्या ध्यानांत आलें कीं मुलगा श्वास घेत नाहीं.

रेघ पुरी झाल्यावर त्यानें वर पाहिलें. आम्हीं समजावण्याचें भाषण विसरून राक्षस हातांत घेतला. त्याची कामाची रीत आमच्याहून बरीच पुढें गेलेली होती. पांढऱ्या हाताऐवजीं काळा हात. वर पातळ रंगाचे एकावर एक चार-पांच थर. मग पाण्यासारखा काळपट रंग सोडून तो घड्यांत व खांचांत उतरूं द्यावयाचा, म्हणजे सांवली आपोआप पडते. आणि शेवटीं कुंचला फडक्यावर पुसून जवळ जवळ कोरडा करून उंचवट्यांवर घासावयाचा, म्हणजे कडांवर उजेड येतो. आम्हीं म्हटलें, “हें आम्हांला करून दाखव.” त्यानें कुंचला आमच्या हातीं दिला. हात कांपूं लागला. मुलानें पाहिलें. कांहीं विचारलें नाहीं. त्यानें फक्त बाटली आमच्या डाव्या हातांत दिली, आमचीं मनगटें एकमेकांना टेकवून धरलीं, आणि म्हणाला, “आजोबा, आतां करा.” कंप गेला नाहीं, पण राक्षसाच्या खांद्यावर उजेड पडण्याइतका तो आवरला. मग तो म्हणाला, “तुम्ही अंगरखे करा. डोळे मी करतों.” त्या वेळीं खोलींत राक्षसांच्या फौजेखेरीज अंगरखा घालणारें कोणी नव्हतें. तो आमच्या मावळ्यांविषयीं बोलत होता.

दुसऱ्या दिवशीं जेवणें झाल्यावर दोन्ही बिऱ्हाडें आमच्या दिवाणखान्यांत जमलीं. चिरंजीवांचें म्हणणें साधें होतें. परीक्षा मार्चपर्यंत आटोपेल. तोंवर रंग, पेट्या, सारें माळ्यावर. “वर्षभराचासुद्धां प्रश्न नाहीं, पांच-सहा महिन्यांचा आहे,” असें ते म्हणाले. नातू खालीं मान घालून बसला होता, आणि ती मान आतां हालणार, हें आम्हांस दिसत होतें. आम्ही बोलणार होतों. पण वडील माणूस समोर असतां आधीं बोलण्याची आमच्या घरांत चाल नाहीं. दादा आरामखुर्चींत डोळे मिटून होते. त्यांनीं डोळे उघडले नाहींत. ते म्हणाले, “अण्णाहि वर्षभराचेंच म्हणाले होते.”

खोलींतील मुलांना या वाक्याचा अर्थ कळला नाहीं. चिरंजीवांना अर्धा कळला असावा. त्यांनीं आमच्याकडे पाहिलें. वहिनींना पुरा कळला, कारण त्या उठून पाणी आणावयास आंत गेल्या. बासष्ट वर्षांत दादांनीं या गोष्टीचा उच्चार केल्याचें आम्हांस आठवत नाहीं. आणि त्यांच्या आवाजांत अण्णांविषयीं तक्रार होती, असेंहि आम्हांस वाटलें नाहीं. त्यांनीं केवळ एक वस्तुस्थिति सांगितली.

निकाल असा लागला : गणिताचीं उदाहरणें पुरीं झाल्यावर रात्रीं एक तास, एका वेळीं एकच चित्र, परीक्षा होईपर्यंत नवी पेटी नाहीं, आणि दहा वाजतां दिवा बंद. सूनबाईंनीं तो नाइलाजानें मान्य केला, आणि त्यांची काळजी खोटी आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. नातवानें नियम दोन वेळां मोडल्याचें आम्हांस ठाऊक आहे. गणितांत त्याला किती गुण पडतील हें आम्हांस ठाऊक नाहीं. छंद ठेविल्यानें गुण वाढतात, असें सांगून वाचकांस फसविण्याची आमची इच्छा नाहीं.

विन्स्टन चर्चिल यांनीं आत्मचरित्रांत लिहिलें आहे कीं, लहानपणीं त्यांच्याजवळ सुमारें पंधराशें खेळण्यांतले शिपाई होते. एके दिवशीं वडील तें सैन्य पाहावयास आले, वीस मिनिटें निरखीत राहिले, आणि सैन्यांत जाशील काय, असें त्यांनीं मुलास विचारलें. वडिलांनीं आपल्या अंगचा सेनापति ओळखला, अशी मुलाची वर्षानुवर्षें समजूत होती. पुढें कळलें कीं, हा मुलगा वकिलीस लागणाऱ्या बुद्धीचा नाहीं, एवढेंच वडिलांनीं ठरविलें होतें! वडील माणसें मुलांच्या खेळाकडे पाहतात तेव्हां त्यांना तेथें मुलाचें भवितव्यच तेवढें दिसतें. प्रत्यक्ष खेळ फार थोड्यांना दिसतो. आम्ही त्या रात्रीं दारांत उभे राहिलों नसतों, तर आम्हांसहि दिसला नसता.

त्या दिवाळींत गच्चीवर कर्नाळा उभा राहिला. कोरीं चित्रें आणून अंगरखे आम्हीं केले, डोळे नातवानें. राक्षसांनाहि त्यानें जागा मागितली. बराच खल होऊन, त्यांनीं किल्ल्याच्या पायथ्याशीं शत्रुपक्षाकडे उभें राहावें असें ठरलें. चित्रांचा जुना डबा उघडला तेव्हां तळाशीं १९६२ सालचा एक पहारेकरी सांपडला. नाकाचा शेंडा गेलेला, अंगरख्याचा गेरू उडालेला, पण डोळे शाबूत. नातू तो नव्यानें रंगविणार होता. आम्हीं सांगितलें, “अंगरखा हवा तसा कर; डोळ्यांना हात लावूं नकोस.”

दादा चष्मा लावून त्या पहारेकऱ्याकडे पुष्कळ वेळ पाहत होते. मग नातवास म्हणाले, “उजवें बुबुळ थोडें मोठें झालें आहे, नाहीं?” नातवानें चित्र डोळ्यांजवळ नेलें व प्रामाणिकपणें म्हणाला, “हो, किंचित्.” “मग नीट कर कीं!” मुलानें आमच्याकडे पाहिलें, दादांकडे पाहिलें, आणि कुंचला पाण्यांत ठेवून दिला. “राहूं दे, मोठे आजोबा. तो बरोबर पाहतोय.”

पहारेकरी आम्हीं मुख्य दरवाजावर उभा केला. दादा खालीं जातांना एक पणती थोडी त्याच्या बाजूस सरकवून गेले.

वाचकांच्या घरींहि माळ्यावर एखादें गांठोडें असेल. कोणाची सतार असेल, कोणाचें अर्धें राहिलेलें भरतकाम असेल. पावसाळ्यापूर्वीं तें एकदां खालीं काढून पाहावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.